युद्धाची उरलेली सामग्री आणि अमेरिकेंतील शाळा

१९१९ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेच्या काँग्रेसनें एक लहानसा कायदा संमत केला. त्या वेळीं त्याची फारशी चर्चा झाली नाहीं, आणि आजहि तो फार थोड्यांना ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धासाठीं सरकारनें विकत घेतलेलीं लेथ, छिद्रें पाडण्याचीं, कातण्याचीं व घासण्याचीं यंत्रें युद्ध संपल्यावर कोठारांत पडून होतीं. तीं धंदेशिक्षणाच्या शाळांना, सार्वजनिक शाळांना व विद्यापीठांना मूळ किंमतीच्या शेंकडा १५ एवढ्या दरानें विकण्याचा अधिकार या कायद्यानें युद्धमंत्र्याला दिला. कॉल्डवेल कायदा या नांवानें तो ओळखला जातो. ज्या यंत्राला सरकारनें हजार डॉलर मोजले होते, तें शाळेला दीडशें डॉलरांत मिळूं लागलें. तोफगोळ्यांचीं कवचें कातण्यासाठीं घेतलेल्या लेथवर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आतां नटबोल्ट कातावयास शिकणार होता.

त्याच वर्षीं आणखी एक वाटप झालें. लष्कराच्या हजारों मोटारगाड्या व मालमोटारी रस्ते बांधण्याच्या कामासाठीं निरनिराळ्या राज्यांना देण्यांत आल्या. त्यांची संख्या वीस हजारांहून अधिक भरली. या दोन्ही गोष्टी सरकारच्या केवळ औदार्यामुळें घडल्या असें समजण्याचें कारण नाहीं. एवढा माल एकदम उघड्या बाजारांत आला असता, तर नवीं यंत्रें व नव्या मोटारी बनविणाऱ्या कारखानदारांचें दिवाळें निघालें असतें. आणि कारखानदारांना काँग्रेसमध्यें आवाज होता. शाळा या बाजारांतील गिऱ्हाईक नव्हत्याच. त्यांच्याजवळ नवें यंत्र घेण्यापुरता पैसा कधींच नसे. तेव्हां त्यांना माल दिल्यानें व्यापाऱ्याचें नुकसान होत नव्हतें, कोठार मोकळें होत होतें, आणि पुण्यहि पदरांत पडत होतें. सरकारी दानधर्माचे व्यवहार पुष्कळदां असेच घडतात. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र देणाऱ्याचा हेतु कोठार रिकामें करण्याचा असतो, आणि घेणाऱ्याची गरज निराळीच असते. पुढच्या शंभर वर्षांत जें घडलें तें समजण्यासाठीं हा फरक ध्यानांत ठेवावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धांत हाच प्रश्न अनेक पटींनीं मोठा होऊन उभा राहिला. युद्ध अद्याप चालू असतांनाच, ३ ऑक्टोबर १९४४ रोजीं, अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं उरलेल्या सामग्रीच्या विल्हेवाटीचा कायदा मंजूर केला. पहिल्या युद्धानंतर घाईघाईनें झालेल्या विक्रीचा व तींतील गैरव्यवहारांचा कडू अनुभव राज्यकर्त्यांच्या गांठीं होता. म्हणून कोणाचा हक्क कोणाच्या आधीं, याचा क्रम कायद्यांतच घालून देण्यांत आला, आणि शिक्षणसंस्थांना व रुग्णालयांना सवलतीच्या दरानें माल देण्याची सोयहि करण्यांत आली. हें काम आरंभीं एका मंडळाकडे होतें. मग तें स्टुअर्ट सिमिंग्टन यांच्या हाताखालील खात्याकडे गेलें, आणि १९४६ पासून युद्धसामग्री विल्हेवाट खात्याकडे आलें. खात्यांचीं नांवें बदलत गेलीं, तरी मालाचे ढीग कांहीं उपसेनात.

आणि माल तरी कसला? अब्जावधि डॉलरांचा. जीपगाडी हें या युद्धाचें सर्वांच्या ओळखीचें अपत्य. तशा सहा लक्षांहून अधिक गाड्या युद्धकाळांत बनल्या होत्या. ॲरिझोनांतील किंगमन येथील वाळवंटांत सुमारें पांच हजार विमानें रांगांनीं उभीं होतीं, आणि त्यांतलीं बहुतेक भट्टींत वितळवून ॲल्युमिनिअमच्या विटा करण्यांत आल्या. आपल्याकडे कानपूरच्या विमानतळावर ब्रिटिश जातांना निकामी करून टाकून गेलेलीं लिबरेटर विमानें बंगलोरच्या कारखान्यानें १९४८ पासून दुरुस्त करून पुन्हा आकाशांत चढविलीं, हें येथें सहज आठवतें. टाकून दिलेली वस्तु घेणाऱ्याच्या अंगीं कसब असेल तरच उपयोगाची ठरते.

अमेरिकेंतील शाळांच्या वाट्याला या ढिगांतून जें आलें तें मोठें विविध होतें. विमानविद्या शिकविणाऱ्या शाळांना इंजिनें मिळालीं. तीं पुन्हा उडण्यासाठीं नव्हतीं, खोलून दाखविण्यासाठीं होतीं. बिनतारी यंत्रें, विजेचीं जनित्रें, सूक्ष्मदर्शक, टंकलेखन यंत्रें, टेबलें, खाटा, स्वयंपाकाचीं मोठालीं पातेलीं हीं सर्व मिळालीं. ज्या शाळेंत पदार्थविज्ञानाचा तास फळ्यावरच्या आकृतीवर भागविला जात असे, तेथें मुलाच्या हातांत खरें मापनयंत्र आलें. याचें मोल ज्यानें फळ्यावर विज्ञान शिकविलें आहे त्याला अधिक कळेल.

तथापि वाट सोपी नव्हती. १९४६ सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन निवृत्त सैनिकांना राज्यांच्या व स्थानिक संस्थांच्या वरचें स्थान मिळालें. ज्यांनीं युद्ध लढलें त्यांना त्यांतलें उरलेलें आधीं मिळावें, यांत अन्याय नव्हता. परंतु शाळेची पाळी येईपर्यंत चांगला माल उचलला गेलेला असे. शिवाय सरकारी याद्या, अर्ज, मुदती, कोठार एका राज्यांत आणि शाळा दुसऱ्याच, असा सारा गोंधळ. ज्या शाळेच्या चालकाला कागदपत्रांची हातोटी होती तिला यंत्रें मिळालीं. खेड्यांतल्या एका खोलीच्या शाळेला तो कागद कोठून आला हेंच कळलें नाहीं.

सर्वांत मोठा उपयोग झाला तो इमारतींचा. २२ जून १९४४ रोजीं मंजूर झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यानें निवृत्त सैनिकाला सरकारी खर्चानें शिकण्याचा हक्क दिला होता. त्याचा लाभ घेऊन सुमारें २२ लक्ष सैनिक महाविद्यालयांत गेले. १९४७ सालीं महाविद्यालयांत जाणाऱ्यांपैकीं जवळजवळ निम्मे हे माजी सैनिक होते. त्यांना बसवावयाचें कोठें? तेव्हां लष्करी छावण्यांतील लांकडी बराकी सुट्या करून मालमोटारींवरून महाविद्यालयांच्या आवारांत आणल्या गेल्या. ऱ्होड आयलंड राज्यांतील क्वॉन्सेट पॉइंट या ठिकाणावरून नांव पडलेल्या अर्धगोल पत्र्याच्या झोंपड्याहि उभ्या राहिल्या. त्यांत वर्ग भरले, प्रयोगशाळा आल्या, लग्न झालेल्या विद्यार्थ्यांचे संसारहि थाटले. पाऊस पडला कीं पत्र्याच्या आवाजांत शिक्षकाचें बोलणें बुडून जाई, पण वर्ग बंद पडला नाहीं. न्यूयॉर्क राज्यानें तर १९४६ सालीं तीन अख्खीं महाविद्यालयेंच अशा जागांत उघडलीं: सॅम्पसन येथें आरमाराच्या शिक्षणतळावर, युटिका येथें लष्करी रुग्णालयांत आणि प्लॅट्सबर्ग येथें बराकींत. यांपैकीं पहिलीं दोन लवकरच मिटलीं आणि तिसरें १९५३ पर्यंत चाललें. तात्पुरतें म्हणून उघडलें आणि गरज सरल्यावर खरोखरच बंद केलें, अशीं उदाहरणें सरकारी कामांत विरळा.

याच सुमारास आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांना एक अगदीं निराळी कल्पना सुचली. परदेशांत पडलेली अमेरिकन युद्धसामग्री तेथल्या सरकारांना विकावी लागणार होती, पण त्या देशांजवळ डॉलर नव्हते. तेव्हां किंमत त्यांच्याच नाण्यांत घ्यावी, आणि तो पैसा अमेरिकन विद्यार्थ्यांना तेथें पाठविण्यासाठीं व तेथल्यांना अमेरिकेंत आणण्यासाठीं खर्च करावा, असें विधेयक त्यांनीं आणलें. तें १९४४ च्याच कायद्याची दुरुस्ती म्हणून १ ऑगस्ट १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीनें अमलांत आलें. पहिला करार चीनशीं झाला. भारताशीं करार २ फेब्रुवारी १९५० रोजीं झाला, आणि पुढें पुण्या-मुंबईच्या कितीतरी प्राध्यापकांना व विद्यार्थ्यांना त्या वाटेनें अमेरिका पाहतां आली. ट्रक व तंबू यांच्या विक्रीपासून या शिष्यवृत्तीचा आरंभ झाला, हें तिच्या मानकऱ्यांपैकीं फारच थोड्यांना माहीत असेल. मुलांच्या दुपारच्या जेवणाची कथाहि अशीच. शेतकऱ्यांच्या हातीं उरलेलें धान्य व फळें शाळांत वांटण्याची प्रथा मंदीच्या काळांत पडली होती, आणि ४ जून १९४६ च्या कायद्यानें ती कायमची झाली.

१९४९ सालीं हूव्हर आयोगाच्या शिफारशींवरून सर्व सरकारी मालमत्तेचें काम एका नव्या खात्याकडे आलें, आणि जून महिन्यांत संमत झालेल्या कायद्यानें शाळांना उरलेला माल दान म्हणून देण्याची पद्धति पक्की केली. पंचवीस वर्षांहून अधिक काळ हें दान मुख्यतः शिक्षण, आरोग्य व नागरी संरक्षण एवढ्यांपुरतें राखलेलें होतें. १९७६ च्या कायद्यानें तें राज्याच्या संस्थांमार्फत कोणत्याहि सार्वजनिक कार्यासाठीं खुलें झालें, आणि शाळेला नगरपालिकेच्या, रस्तेखात्याच्या व अग्निशामक दलाच्या रांगेंत उभें राहावें लागलें. ती रांग आजहि आहे. सरकारी मोटार, बस, जनित्र, बांक किंवा कपाट यांसाठीं शाळा किरकोळ सेवाशुल्क भरते, वस्तु वर्षाच्या आंत उपयोगांत आणण्याची हमी देते, आणि माल घेऊन जाते. १७ एप्रिल १९९६ च्या अध्यक्षीय आदेशानें सरकारी कचेऱ्यांतील जुने संगणकहि शाळांकडे वळविले. या व्यवहारांत वृत्तपत्रांना लिहिण्याजोगें कांहीं नसतें. एखाद्या गांवच्या शाळेची बस लष्करी रंगाची होती व ती पिवळी रंगविली, एवढीच काय ती बातमी.

बातमी झाली ती दुसऱ्याच एका नळाची. १९९० च्या सुमारास अमली पदार्थांच्या व्यापाराविरुद्ध मोठी मोहीम चालू होती. त्या वेळच्या संरक्षणविषयक कायद्यांत एक कलम घालून लष्कराची वाढीव सामग्री पोलिसांना देण्याची मुभा देण्यांत आली. १९९६ सालीं तें कलम व्यापक झालें, आणि कोणतेंहि कायद्याच्या अंमलबजावणीचें काम त्यांत बसूं लागलें. त्या कायद्यांतील कलमाच्या क्रमांकावरून ही योजना १०३३ या आंकड्यानें ओळखली जाते. वस्तु फुकट असते. वाहतूक व देखभाल तेवढी घेणाऱ्याकडे. दिलेल्या मालांत बहुतेक भाग कपडे, हत्यारें, खुर्च्या, संगणक असाच असतो हें खरें. पण त्यांत बंदुका व चिलखती गाड्याहि असतात, आणि अशा वस्तूंवरील मालकी संरक्षणखात्याकडेच राहते. मिळालेली वस्तु एका वर्षांत वापरांत आणलीच पाहिजे, असाहि नियम होता. नियम करणाऱ्याचा हेतु माल धूळ खात पडूं नये एवढाच असावा. पण चिलखती गाडी वर्षाच्या आंत वापरावयाची म्हणजे काय करावयाचें? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावतो.

आतां यांत शाळा कोठून आल्या, असें कोणीहि विचारील. अमेरिकेंतील कित्येक मोठ्या शाळाविभागांना स्वतःचें पोलिसदल असतें, हें त्याचें उत्तर. त्यांत २० एप्रिल १९९९ रोजीं कोलोरॅडोंतील कोलंबाइन शाळेंत दोन विद्यार्थ्यांनीं केलेल्या हत्याकांडानंतर शाळांतील पोलिसांची संख्या सर्वत्र वाढली. १४ डिसेंबर २०१२ रोजीं कनेक्टिकटमधील सँडी हूक येथें वीस लहान मुलें व सहा मोठीं माणसें मारलीं गेलीं. ज्या आईबापांनीं सकाळीं मुलाला शाळेच्या दारांत सोडलें त्यांच्या पोटांत त्यानंतर काय कालवलें असेल, हें सांगावयास नको. शाळाविभागाचें पोलिसदल हें कायद्याच्या दृष्टीनें पोलिसदलच. म्हणून त्यानें अर्ज केला कीं लष्कराचें कोठार त्यालाहि उघडें होतें. २०१४ पर्यंत विसांहून अधिक शाळाविभागांच्या पोलिसांनीं या योजनेंतून कांहीं ना कांहीं घेतलें होतें.

त्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो शाळाविभागाच्या पोलिसांना सुरुंगाच्या स्फोटालाहि दाद न देणारी एक प्रचंड चिलखती गाडी मिळाली. इराक व अफगाणिस्थान येथील रस्त्यांवर पेरलेल्या सुरुंगांपासून सैनिकांना वांचविण्यासाठीं अशा गाड्या बनविल्या होत्या. तिची किंमत सात लक्ष डॉलरांहून अधिक. विभागाला खर्च आला तो सुमारें पांच हजार डॉलर, आणि तोहि ती आणण्याचा. अधिकाऱ्यांच्या मनांत वाईट नव्हतें. त्यांना ती बचावगाडी म्हणून वापरावयाची होती. ती पांढरी रंगवून तिच्यावर तांबडा क्रॉस काढावा, आंत औषधें भरावीं, भ्यालेल्या मुलांसाठीं खेळण्यांतलीं अस्वलेंहि ठेवावीं, असा बेत होता. गोळीबारांत सांपडलेलीं किंवा भूकंप-वणव्यांत अडकलेलीं मुलें तींतून सुखरूप बाहेर काढतां येतील, हा त्यांचा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. गाडी फुकट, संकट खरें, मुलें आपलीं. मग घेऊं नये कां?

परंतु तो काळ विलक्षण होता. ९ ऑगस्ट २०१४ रोजीं मिझूरींतील फर्ग्युसन गांवीं मायकेल ब्राउन या काळ्या तरुणाला पोलिसानें गोळी घातली, आणि त्यानंतरच्या निदर्शनांवर चिलखती गाड्या व लष्करी पोषाखांतील पोलिस चालून आलेले सर्व जगानें पाहिले. त्या चित्रांनंतर तसलीच गाडी शाळेच्या पोलिसांकडे आहे हें कळतांच सॅन डिएगोचे पालक बिथरले. नागरिकांच्या हक्कांसाठीं काम करणाऱ्या संस्थांनीं संरक्षणखात्याला पत्र लिहून शाळांना ही सामग्री देणें बंद करण्याची मागणी केली. सप्टेंबर महिन्यांतच विभागानें गाडी परत करण्याचें जाहीर केलें. तिच्यापासून मिळणाऱ्या संरक्षणापेक्षां तिच्यामुळें लोकांचा विश्वास अधिक गमावला जाईल, असा त्यांच्या निर्णयाचा मथितार्थ होता. धर्माची गाय आणि दांत कां नाहीं, असें विचारूं नये म्हणतात; पण गाय दारांत बांधण्यापूर्वीं ती मारकी आहे कीं काय, एवढें तरी पालकांनीं विचारलें तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

पालकांची शंका निराधार नव्हती, हें पुढें निराळ्या दिशेनें दिसून आलें. २०१७ सालीं काँग्रेसच्याच लेखातपासणी कचेरीनें एक परीक्षा घेतली. अस्तित्वांत नसलेल्या एका पोलिसखात्याच्या नांवानें तिनें अर्ज केला, आणि रात्रीं दिसणाऱ्या चष्म्यांसह बारा लक्ष डॉलर किंमतीच्या शंभरांहून अधिक वस्तु मिळविल्या. खातें कोठें आहे हें पाहावयास कोणी गेलें नाहीं. ज्या कोठाराच्या दारावर एवढीच चौकशी होत होती, त्यांतून आलेल्या गाडीवर औषधांची पेटी ठेवली म्हणून पालकांनीं निश्चिंत कसें व्हावें? टेक्ससमधील युव्हाल्डी येथें २४ मे २०२२ रोजीं जें घडलें तें तर फारच जड अंतःकरणानें सांगावें लागतें. शाळाविभागाच्या स्वतःच्या पोलिसांसह निरनिराळ्या खात्यांचे ३७६ अधिकारी तेथें जमले, आणि तरीहि खोलींत शिरून मारेकऱ्याला गांठावयास त्यांना ७७ मिनिटें लागलीं. एकोणीस मुलें व दोन शिक्षिका गेल्या. तेथें बंदुकांची किंवा माणसांची वाण नव्हती. हुकूम कोणी द्यावा हेंच ठरलें नव्हतें.

लॉस एंजेलिस येथील प्रकरण अधिक लांबलें. तेथल्या शाळाविभागाचें पोलिसदल देशांतील अशा दलांत सर्वांत मोठें. त्याच्याकडे या योजनेंतून आलेल्या ६१ लष्करी बंदुका, तीन ग्रेनेड फेंकण्याचीं नळकांडीं आणि एक चिलखती गाडी होती. ग्रेनेडचीं नळकांडीं शाळेच्या पोलिसानें कशासाठीं वापरावयाचीं, याचें समाधानकारक उत्तर कोणालाच देतां आलें नाहीं, आणि २०१४ च्या सप्टेंबरांत तीं परत करण्याचें ठरलें. बंदुका मात्र ठेवावयाच्या होत्या. त्यावर शहरांतील एका संघटनेनें व तिच्यांतील विद्यार्थ्यांनीं हट्ट धरला. पोलिसदलाजवळ आधीं काय काय होतें, कोणतें परत गेलें, कोणतें राहिलें, याची यादी दाखवा, असें तीं मुलें शाळामंडळाच्या सभांतून मागत राहिलीं. ज्यांच्या रक्षणासाठीं हा सारा सरंजाम होता म्हणून सांगितलें जाई, तींच तो नको म्हणत होतीं. जवळजवळ दोन वर्षें हें चाललें. अखेरीस २०१६ सालीं सर्व सामग्री परत गेल्याचें दाखविणारे कागद त्यांच्या हातीं पडले, आणि शाळामंडळाच्या अध्यक्षानें या प्रकरणाबद्दल लेखी दिलगिरी व्यक्त केली.

त्याच वर्षींहि राज्याराज्यांतील दानकोठारांतून शाळा बांक, बसगाड्या व लेथ घेऊन जात होत्या.